नकाराचा दस्तऐवज : अंजनवेल आणि विस्थापनविरोधाची परंपरा

प्रस्तावना

वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते त्या खाडीच्या दक्षिण तीरावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात अंजनवेल हे गाव आहे. गोपाळगड हा खाडीमुखावर पहारा ठेवणारा किल्ला, टाळकेश्वराचे मंदिर आणि त्याजवळचे दीपगृह ही या गावाची जुनी ओळख, तर समोरच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात, दाभोळ हे मध्ययुगापासून प्रसिद्ध असलेले बंदर आहे. १९९२ सालापासून जवळजवळ दहा वर्षे ज्या वीजप्रकल्पाने महाराष्ट्राचे राजकारण, अर्थकारण आणि न्यायालये व्यापून टाकली, तो प्रकल्प प्रत्यक्षात अंजनवेल, वेलदूर, रानवी या दक्षिण तीरावरील गावांच्या जमिनीवर उभा राहिला. परंतु कंपनीने नाव घेतले ते पलीकडच्या दाभोळचे, आणि जगभरच्या वृत्तपत्रांत, न्यायालयीन निवाड्यांत व अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तेच रूढ झाले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या गावाचे नाव त्या जमिनीच्या इतिहासातून अशा रीतीने बाजूला पडले, आणि गावाच्या नावाबरोबर गावकऱ्यांचे म्हणणेही बाजूला पडले.

या प्रकल्पाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन करार, दर, हमी आणि दिवाळखोरी यांभोवती फिरते. हा प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीने २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, तिचे हिशेबातील गैरव्यवहार उघड झाले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात असा समज दृढ झाला की विरोध करणारे बरोबर होते हे काळाने सिद्ध केले. हा समज विरोधकांना मोठेपणा देणारा वाटत असला तरी त्यात त्यांच्यावर एक सूक्ष्म अन्याय आहे. कंपनीच्या ह्यूस्टनमधील खातेवह्या चोख असत्या, वीज स्वस्त पडली असती आणि कंपनी आजही भरभराटीत असती, तरी अंजनवेलच्या शेतकऱ्याचा आणि वेलदूरच्या मच्छीमाराचा मूळ प्रश्न तसाच उभा राहिला असता; तो प्रश्न असा होता की, एखाद्या समूहाची भूमी आणि पाणी देऊन टाकण्याची संमती नेमकी कोणी द्यायची, आणि ती दिली गेली असे कोणी ठरवायचे. या आंदोलनाचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा, आणि त्यासाठी आधी दोन जुन्या लढ्यांकडे पाहणे आवश्यक आहे.

त्यांतील पहिला लढा अमेरिकेच्या आग्नेय भागातील चेरोकी या आदिवासी राष्ट्राचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चेरोकींनी स्वतःची लिपी घडवली, १८२७ मध्ये लिखित राज्यघटना स्वीकारली, १८२८ मध्ये दोन भाषांतील वृत्तपत्र सुरू केले आणि त्याच वर्षी जॉन रॉस यांना प्रमुख म्हणून निवडले. १८३० मध्ये अमेरिकी संसदेने आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा केला, तेव्हा रॉस यांनी शस्त्राचा मार्ग सोडून अर्ज, शिष्टमंडळे आणि न्यायालय यांचा मार्ग धरला. १८३२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत असा निर्णयही दिला, पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. यानंतर २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटा येथे चेरोकींमधील एका अल्पसंख्य गटाने, राष्ट्रीय परिषदेचा कोणताही अधिकार नसताना, सगळी भूमी सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या. रॉस यांनी या तहाविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक चेरोकींच्या नावांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला, म्हणजे सुमारे सोळा हजारांच्या समाजातील जवळजवळ प्रत्येकाचा नकार त्यांनी कागदावर उतरवला. तरीही तिथल्या सिनेटने हा तह केवळ एका मताच्या फरकाने मंजूर केला. १८३८ मध्ये सैन्याने लोकांना घरांतून काढून छावण्यांत डांबले, आणि पश्चिमेकडील त्या सक्तीच्या प्रवासात सुमारे चार हजार माणसे मरण पावली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रॉस यांची पत्नीही त्यांत होती. रॉस यांचे चरित्र निष्कलंक नाही, कारण इतर अनेक धनिक चेरोकींप्रमाणे त्यांच्याकडेही गुलाम होते, आणि त्या कृष्णवर्णीय गुलामांनाही तोच प्रवास करावा लागला. त्यांच्या लढ्याचा गौरव करताना हे झाकून ठेवता येत नाही. मात्र १८६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रमुखपदी राहिले, १८३९ मध्ये नव्या भूमीत नवी घटना लिहिली गेली, आणि भूमी हरलेले हे राष्ट्र आजही लाखो नागरिकांचे राष्ट्र म्हणून अस्तित्वात आहे.

दुसरा लढा महाराष्ट्रातला, मुळशीचा. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने जलविद्युतीसाठी धरण बांधायला घेतले, आणि ५२ गावे बुडणार हे कळल्यावर मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते होते, आणि बापटांना ‘सेनापती’ हे पद याच लढ्याने मिळवून दिले. येथे सरकारने वापरलेले साधन म्हणजे १८९४ चा भूसंपादन कायदा. ‘सार्वजनिक प्रयोजन’ असे जाहीर केले की मालकाच्या इच्छेविरुद्ध जमीन घेण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळत असे, मग ती जमीन शेवटी खाजगी कंपनीच्या हाती का जाईना. मुळशीचा पराभव केवळ सरकारच्या बळामुळे झाला असे म्हणणे अपुरे ठरेल. पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि ती कसणारे मावळे त्यांची कुळे होती. कंपनीने मोबदल्याची रक्कम वाढविताच सावकार तडजोडीला तयार झाले, आणि ज्यांचे घर, शेत व देव बुडणार होते त्यांचे मत कागदावर कोठेच मोजले गेले नाही. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या संशोधनात ही फूट बारकाईने उलगडली आहे. बापटांनी अखेरीस आगगाडी अडविण्यापर्यंत मजल मारली, त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली, आणि लढा १९२४ मध्ये संपला. न्यू एकोटाचे स्वाक्षरीकर्ते आणि पुण्याचे सावकार यांच्या परिस्थितीत फार अंतर असले, तरी दोन्हीकडे समूहाच्या नावे संमती देणारे हात समूहाच्या बाहेरचे किंवा त्याच्या अल्पशा भागाचे होते, ही गोष्ट अंजनवेलकडे वळताना ध्यानात ठेवावी लागते.

अंजनवेलचा प्रश्न समजण्यासाठी कोकणातील जमिनीचा इतिहास थोडा तपशिलाने पाहावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात खोती ही पद्धत खोलवर रुजलेली होती. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ, जो व्यवहारात गावाचा धनी बनलेला असे. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळकायद्याने कसणाऱ्याला मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला, म्हणजे गुहागर तालुक्यातील अनेक कुणबी कुटुंबांच्या हातात स्वतःची जमीन आल्याला प्रकल्पाच्या वेळी जेमतेम पस्तीस वर्षे झालेली होती. त्यातही कोकणातील सातबारा, म्हणजे जमिनीच्या हक्काची आणि पिकांची नोंद असलेला उतारा, बहुधा सामाईक असतो. एका गटावर चुलत्या-पुतण्यांची दहा-वीस नावे असतात, त्यांतील काही दिवंगत, काही परळ-लालबागला गिरणीत राबणारे, काही लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींची. अशा जमिनीविषयीची नोटीस गावच्या चावडीवर लागली तरी ती सर्व हक्कदारांपर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि एकाने मोबदला उचलला म्हणजे सगळ्यांनी संमती दिली असे मानणे न्याय्य ठरत नाही.

दुसरी अडचण जमिनीच्या नोंदीचीच. समुद्रालगतचे जांभ्याचे पठार, ज्याला कोकणात कातळ किंवा सडा म्हणतात, महसुली कागदात पडीक किंवा लागवडीस अयोग्य म्हणून दाखवले जाते. पण त्याच सड्यावर पावसाळ्यानंतर गवत कापले जाते, गुरे चरतात, उतारावर नाचणी-वरी होते, आणि १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे आंबा व काजूची कलमेही कातळ फोडून लावली जाऊ लागली होती. कागदावर जे ओसाड ते गावाच्या दृष्टीने अर्धे जगणे होते. तिसरी अडचण खाडीवर जगणाऱ्यांची. वेलदूरच्या मच्छीमाराच्या नावावर बहुधा घरापुरतीही जमीन नसते, त्याची शेती म्हणजे खाडी, आणि खाडीचा सातबारा नसतो. प्रकल्पातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याने, जेटीने व जहाजांच्या वाहतुकीने मासळीवर काय परिणाम होईल हा त्याचा प्रश्न होता, आणि भूसंपादनाच्या कोणत्याही कायद्यात त्याला हरकत नोंदवण्यासाठी जागा नव्हती.

या पार्श्वभूमीवर २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला, कोणत्याही स्पर्धात्मक निविदेशिवाय. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मिळून दाभोळ पॉवर कंपनी स्थापन केली, आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. त्याआधीच, एप्रिल १९९३ मध्ये, जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार देताना तो महाराष्ट्राच्या गरजेच्या मानाने फार मोठा असून त्याची वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल असे कळविले होते. करारातील दराची रचना दुहेरी होती; विजेसाठी मोजायची रक्कम वेगळी आणि प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल द्यायचा स्थिर आकार वेगळा, त्यामुळे मंडळाने वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम देणे भागच होते. राज्य सरकारने या देण्याची हमी घेतली आणि केंद्र सरकारने त्या हमीवर प्रतिहमी दिली. जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, संपादित करून कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. अनेक शेतकऱ्यांनी मोबदला स्वीकारण्यास नकार दिला. पण कायद्याच्या दृष्टीने मोबदला न घेणे हा नकार ठरत नाही, रक्कम जमा करून ताबा घेता येतो.

पक्षांचे वर्तन थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण त्यात फारसे गूढ काही नाही. काँग्रेसच्या राजवटीत झालेल्या कराराला विरोध करून १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने प्रकल्पाच्या फेरतपासणीसाठी नेमलेल्या मुंडे समितीच्या अहवालानंतर ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द केल्याचे विधिमंडळात जाहीर केले, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून तो अधिक मोठ्या स्वरूपात स्वीकारला. केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने मे १९९६ मध्ये जाता जाता प्रतिहमीला मान्यता दिली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांची याचिका फेटाळली, मात्र ती फेटाळताना सरकारच्या बदलत्या भूमिकेवर ताशेरेही ओढले. सरकार बदलून, समिती नेमून आणि न्यायालयात जाऊन काही साधत नाही हे पाहिल्यावर अंजनवेल-वेलदूरच्या लोकांपुढे रस्त्यावर येण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही, आणि १९९७ हे वर्ष त्यामुळेच या इतिहासात मध्यवर्ती ठरते.

त्या वर्षी जानेवारीपासून निदर्शने, अश्रुधूर, लाठीमार आणि अटका यांची मालिका सुरू झाली. जमावबंदीचे आदेश वारंवार काढले गेले; मुंबई पोलिस अधिनियम १९५१ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ यांच्या आधारे पाच किंवा त्याहून अधिक माणसांनी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवता येत असे, आणि गावात पाच माणसे लग्नकार्यातही एकत्र येतात. माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील, मेधा पाटकर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक सदानंद पवार यांच्यासारखी मंडळी आंदोलनाशी जोडली गेली होती, आणि पुण्याच्या ‘प्रयास’ या गटाने वीजखरेदी कराराचे आर्थिक विश्लेषण करून आंदोलनाला आकड्यांचा आधार दिला होता. ३ जून १९९७ रोजी पहाटे, पुरुषांपैकी बरेच जण मासेमारीला गेलेले असताना, पोलिस वेलदूरच्या वस्तीत शिरले, त्यांनी दारे फोडून बायकांना बाहेर ओढले, मारहाण केली आणि अटक केली. त्यांत एक तरुण गर्भवती स्त्रीही होती. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जुलै १९९७ मध्ये या दडपशाहीवर अहवाल प्रसिद्ध केला, आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ च्या अहवालात याहून पुढे जाऊन असे नोंदवले की प्रकल्पस्थळी ठेवलेल्या पोलिस तुकडीचा खर्च कंपनी भागवत होती आणि म्हणून घडलेल्या हक्कभंगात तिचाही वाटा आहे. एखाद्या खाजगी कंपनीला मानवी हक्कांच्या भंगात सहभागी ठरवणाऱ्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या अहवालांत त्याची गणना होते, आणि त्याचा पाया वेलदूर-अंजनवेलच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, दिलेल्या साक्षींचा आहे.

येथे नेतृत्वाचा मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. चेरोकींना रॉस होते, मुळशीला बापट होते. अंजनवेलच्या लढ्याला असे एक नाव नाही, आणि इतिहासलेखनात तो मागे पडण्याचे हे एक कारण आहे, कारण चरित्र लिहिता येईल असा नायक नसला की लढ्याला ग्रंथही मिळत नाही. परंतु रॉस यांचे खरे कर्तृत्व पंधरा हजार नावांच्या त्या अर्जात होते, आणि बापटांची ताकद ज्यांनी शेते सोडण्यास नकार दिला त्या मावळ्यांत होती. मुंबईचा चाकरमानी आणि गावची बाई या दोघांनी मिळून अंजनवेलचा लढा चालवला; पहिल्याने कागद, वकील आणि वर्तमानपत्र सांभाळले, तर दुसरीने प्रत्यक्ष अंगावर लाठी घेतली. या विभागणीत दुसरीची नावे पोलिस ठाण्याच्या नोंदींपलीकडे क्वचितच गेली, हे या विषयावरील आजवरच्या लेखनाचे मोठे अपुरेपण आहे.

पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला, विजेचा दर काही महिन्यांत युनिटला सात रुपयांच्याही वर गेला, मंडळाने देणी थांबवली, माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये करारावर कठोर टीका केली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून तो ताब्यात घेतला. जलभिंत, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरी राहिल्याने गॅसवाहू जहाजांना पावसाळ्यात तेथे येता येत नव्हते, आणि वायूच्या टंचाईमुळे १९६७ मेगावॉटची क्षमता बराच काळ बहुतांशी पडून राहिली. ज्या ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी जमीन घेतली ते प्रयोजन जवळजवळ पाच वर्षे पूर्णपणे थांबलेले होते, तरी त्या काळात ती परत देण्याचा विचार झाला नाही, संपादित जमीन मालकाकडे परतण्याची वाट तेव्हाच्या कायद्यात जवळजवळ नव्हतीच, आणि कंपनी बुडाल्याने शेतकरी जिंकला असे म्हणणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती विचारात घेतलेली नाही.

अंजनवेलचा वारसा जमिनीच्या परताव्यात शोधून सापडणार नाही. तो दिसतो जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गावांत. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध माडबन आणि साखरी नाटे येथे झालेला लढा, ज्यात एप्रिल २०११ च्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा बळी गेला, त्यात खाडी व समुद्रावर जगणाऱ्यांनी आरंभापासून स्वतःचा वेगळा आवाज ठेवला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी जमीनमालकांनी व्यक्तिशः असहमती लेखी नोंदवली, मुंबईतील चाकरमान्यांच्या मंडळांनीही त्यात भाग घेतला, ग्रामसभांनी ठराव केले, आणि २०१९ मध्ये संपादनाची अधिसूचना सरकारला मागे घ्यावी लागली. अंजनवेलला जो नकार कागदावर धड उमटू शकला नव्हता, तो पंचवीस वर्षांनी नाणारला खातेदारागणिक उमटला. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी पुन्हा जमावबंदी, पुन्हा अश्रुधूर आणि पुन्हा आडव्या पडलेल्या बायका दिसल्या. याचा अर्थ शासनाची पद्धत फारशी बदललेली नाही, परंतु गावाची बदलली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरवली गेली, यामागे देशभरच्या अशा अनेक लढ्यांचा दबाव होता, आणि त्यांत गुहागर तालुक्याचाही हिस्सा आहे. मात्र त्या कायद्यातही संमती मोजली जाते ती मुख्यतः जमिनीच्या आधारे. खाडीवर जगणाऱ्याचे मत कसे मोजायचे हा वेलदूरने उभा केलेला प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

या विषयाचा समग्र इतिहास लिहायचा तर त्याची साधने सरकारी दप्तरात फार थोडी मिळतील. हरकतींच्या प्रती, न स्वीकारलेल्या मोबदल्याच्या नोटिसा, सभांची पत्रके, जामिनाचे कागद, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते आणि वेलदूरच्या बायकांच्या आठवणी हीच त्याची मुख्य साधने आहेत, आणि ती घराघरांत विखुरलेली आहेत. दमट हवा आणि वाळवी यांनी कोकणातील जुने कागद फार काळ टिकू दिले नाहीत, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीकाठच्या चिपळुणात घरोघरची दप्तरे चिखलात गेली. १९९७ मध्ये ज्या स्त्रिया तिशी-चाळिशीत होत्या त्या आज साठीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. ज्या वाचकांच्या घरी अंजनवेल, वेलदूर, रानवी, कातळवाडी, बोरभाटलेवाडी किंवा पवारसाखरी या गावांच्या या काळातील कागद असतील, त्यांनी ते जपावेत, त्यांच्या प्रती जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्याव्यात, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी, लिहून अथवा ध्वनिमुद्रित करून ठेवावे. हे काम यंदाच हाती घ्यावे, अशी त्यांना विनंती आहे.